दोन दिवे कुठे वेगळे होतात

बिबवेवाडीत अप्पर इंदिरानगरच्या चढावर एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीत रात्री उभं राहून दक्षिणेकडे तोंड केलं, की समोर कात्रजच्या डोंगराची रेघ असते. हवा स्वच्छ असेल तर जुन्या घाटातून शहराकडे उतरणाऱ्या गाड्यांचे दिवेही दिसतात. सरळ रेषेत अंतर सहा-साडेसहा किलोमीटर. यातल्या बहुतेक गाड्या चारचाकी, म्हणजे पुढे दोन दिवे असलेल्या. तरीही गच्चीवरून प्रत्येकीचा एकच ठिपका दिसतो. तीच गाडी चार किलोमीटरांच्या आत आली की डोळा म्हणतो, अरे, हे दोन आहेत. (दिव्यांच्या झगमगाटामुळे प्रत्यक्षात तिला आणखी जवळ यावं लागतं, ते सोडून देऊ.)

गणित सोपं आहे. मोटारीच्या दोन दिव्यांत साधारण १.३ मीटर अंतर असतं. सहा-साडेसहा किलोमीटरवरून पाहिलं तर हे अंतर डोळ्याशी चाळीसेक विकलांचा कोन करतं. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. धडधाकट माणसाच्या डोळ्याची मर्यादा एका कलेच्या, म्हणजे ६० विकलांच्या आसपास. चार किलोमीटरवर तोच कोन ६७ विकला होतो, मर्यादेच्या जरासा वर जातो आणि दिवा दुभंगतो. गच्चीवर कुणी ५० मिलिमीटर भिंगांची साधी द्विनेत्री आणली, तर घाटातल्या गाडीचेही दोन दिवे तिच्यातून स्पष्ट होतात. शेजारशेजारच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवण्याच्या या कुवतीला विभेदनक्षमता म्हणतात. डोळा, दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, वर्णपटदर्शक, रेडिओ दुर्बीण, सगळ्यांचा खरा कस तिथे लागतो.

लहान वस्तू दिसणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. आकाशाच्या पार्श्वभूमीवर विजेची तार कितीतरी लांबून दिसते, तेव्हा तिची जाडी एका कलेपेक्षा खूपच कमी भरत असते. तारा तर कोनाच्या हिशेबात इतका बारीक असतो की त्याला बिंदूच म्हणावं, तरी तो दिसतो. कारण एकटी वस्तू दिसायला तिच्यातून पुरेसा प्रकाश यावा लागतो, किंवा तिनं पुरेसा अडवावा लागतो, एवढंच. प्रश्न सुरू होतो तिच्या शेजारी दुसरी आली की.

चष्म्याच्या दुकानातला तक्ता याच तत्त्वावर बेतलेला आहे. डच नेत्रतज्ज्ञ स्नेलेन यानं १८६२ साली तो तयार केला. त्यातल्या ६/६ च्या ओळीतलं अक्षर सहा मीटरवरून पाच कला उंच भरतं आणि त्याची प्रत्येक रेघ एक कला जाड. म्हणजे अक्षराची उंची ८.७ मिलिमीटर. आपल्या दुकानांत सहा मीटरची खोली कुठून मिळणार? म्हणून समोर आरसा लावून तीन मीटरचे सहा करतात. आपण ‘ई’ चे दात मोजतो तेव्हा दोन रेघांच्या मधली पांढरी फट वेगळी कळते की नाही, हे तपासलं जात असतं.

आता ही मर्यादा येते कुठून? भिंग नीट घासलं नाही म्हणून नव्हे. भिंग अगदी निर्दोष असलं तरी मर्यादा राहतेच, कारण प्रकाश ही लाट आहे. ताऱ्यासारख्या बिंदूचा प्रकाश गोल भोकातून आत आला की पलीकडे बिंदू उमटत नाही. छोटी तेजस्वी चकती उमटते आणि तिच्याभोवती फिकट वर्तुळं. याला विवर्तन म्हणतात. या चकतीचं गणित जॉर्ज एअरी यानं १८३५ मध्ये मांडलं. चकती किती मोठी? जितकं भोक रुंद तितकी चकती लहान. पहिल्यांदा ऐकताना हे उलटंच वाटतं.

कारण समजून घ्यायला बांधकामावरचा गवंडी आठवावा. फरशीचा उतार पाहायला तो पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो. नळीची दोन टोकं वीतभर अंतरावर धरली तर बारीक उतार कळतच नाही. तीच टोकं खोलीच्या दोन कोपऱ्यांत नेली की लगेच पाण्याच्या पातळीत बोटभर फरक दिसतो. भिंगाचे दोन काठ म्हणजे नळीची दोन टोकं. समोरून आलेली लाट दोन्ही काठांवर एकदम पोचते. जरा बाजूच्या दिशेनं आलेली लाट एका काठावर आधी आणि दुसऱ्यावर उशिरा पोचते. हा उशीर एका तरंगलांबीएवढा झाला, की भिंगाच्या एका अर्ध्यातली लाट दुसऱ्या अर्ध्यातल्या लाटेला खोडते आणि तिथे अंधार होतो. भिंग रुंद असेल तर अगदी थोड्या तिरकेपणातही एवढा उशीर घडतो, म्हणून चकतीचा काठ मध्याजवळच येतो. भिंग अरुंद असेल तर त्यासाठी बरंच तिरकं जावं लागतं आणि चकती फुगते.

लॉर्ड रॅले यांनी १८७९ मध्ये यावर एक सोयीचा नियम बसवला: एका ठिपक्याच्या चकतीचा मध्य दुसऱ्याच्या पहिल्या काळ्या वर्तुळावर आला, की दोन ठिपके वेगळे झाले असं समजायचं. तो कोन म्हणजे तरंगलांबी भागिले भोकाचा व्यास, गुणिले १.२२. हा निसर्गाचा कायदा नव्हे, मोजमापाचा संकेत आहे. जोडतारे पाहण्यात आयुष्य घालवलेले इंग्रज निरीक्षक डॉज यांना याहून थोडं जवळचे तारेही वेगळे दिसत. त्यांच्या नावाची वेगळी मर्यादा खगोलप्रेमी आजही वापरतात. पण दोन्हींत गुणोत्तर तेच: लाट लहान करा, नाही तर भोक रुंद करा. तिसरा मार्ग नाही. हौशी माणसाला दुर्बीण घेताना एवढं एकच वाक्य माहीत असलं तरी त्याचे पैसे वाचतील.

दिवसा आपल्या बाहुलीचा व्यास अडीच मिलिमीटर धरला आणि प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर, तर हे सूत्र ५५ विकला देतं. प्रत्यक्ष मोजलेल्या एका कलेच्या अगदी जवळ. पडद्यावरच्या प्रकाशग्राही शंकुपेशीही साधारण याच हिशेबानं दाटीवाटीनं बसलेल्या आहेत. त्याहून बारीक बसवून काही हाती लागलं नसतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याचं भोक चारेक मिलिमीटरचं, म्हणजे मर्यादा ३५ विकलांच्या आसपास. म्हणून घाटातल्या गाडीचं चित्र दोन बोटांनी कितीही ताणलं तरी गाडीचा नंबर वाचता येत नाही. ठिपके मोठे होतात, तपशील वाढत नाही. काही फोनचं सॉफ्टवेअर चंद्राच्या छायाचित्रात तपशील स्वतःच्या पदरचा भरतं. त्याला छायाचित्र म्हणावं की नाही, हा वादाचा विषय आहे. माझं मत विचाराल तर म्हणू नये.

हीच फसगत दुर्बिणीच्या खोक्यावरही असते. ६० मिलिमीटर भिंगाच्या खेळण्यावर ‘५२५ पट’ असं ठळक छापलेलं असतं. ६० मिलिमीटरच्या भिंगाची मर्यादा २.३ विकला. त्या २.३ विकलांना डोळ्याच्या ६० विकलांपर्यंत आणायला २६ पट वर्धन पुरतं. आरामात पाहायचं तर शंभर-सव्वाशे पट. त्यापुढे नुसती चकतीच फुगत जाते. वर्धनाचं काम एवढंच: भिंगानं जे आधीच वेगळं करून ठेवलंय ते डोळ्याच्या आवाक्यात आणून देणं. भिंगानं जे एकत्र मिसळलं ते नेत्रिका सोडवू शकत नाही.

दुर्बिणीच्या या पायऱ्या चढून पाहायला आपल्याकडे एक घरचाच तारा आहे. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला उंच आलेले असतात. बिबवेवाडीतून पाहायचं तर मार्केट यार्ड आणि शहराच्या दिव्यांचा उजेड असलेली ती बाजू, पण सातही तारे ओळखू येतात. शेपटीतला मधला वसिष्ठ आणि त्याला चिकटून अरुंधती. लग्नात सप्तपदीनंतर वधूवरांना ध्रुव आणि अरुंधती दाखवायची रीत आहे. आता मुहूर्त दुपारचे, वर कार्यालयाचं छत. गुरुजी बोट वर करतात आणि दोघं मान डोलावतात. अरुंधती दिसणं ही दृष्टीची परीक्षा असं सांगितलं जातं, पण विभेदनाच्या हिशेबात ती फार सोपी परीक्षा आहे. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यातला कोन जवळजवळ बारा कला, डोळ्याच्या मर्यादेच्या बारापट. अडचण येते ती अरुंधती मंद, चौथ्या प्रतीची असल्यानं. म्हणजे ही परीक्षा डोळ्यापेक्षा आकाशाच्या काळोखाची, आणि शहरात त्यातच आपण नापास होतो.

खरी गंमत वसिष्ठाची आहे. छोट्या दुर्बिणीतून चाळीसेक पट वर्धनानं पाहिलं की वसिष्ठ एकटा नाही हे दिसतं. १४ विकलांवर त्याचा जोडीदार आहे. १६१७ मध्ये बेनेदेत्तो कास्तेल्ली यानं गॅलिलिओचं लक्ष तिकडे वेधलं होतं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशदर्शनाचं काम करते. हौशी मंडळी नवख्याला दुर्बिणीला डोळा लावायला सांगतात तेव्हा शनीच्या कड्याखालोखाल ‘ओहो’ निघतो तो अशाच जोडताऱ्यांना. पुढची पायरी मात्र कुठल्याही गच्चीवरून चढता येत नाही. या दोघांपैकी तेजस्वी असलेला ताराही पुन्हा दोन ताऱ्यांचा आहे आणि त्यांच्यातलं अंतर विकलेच्या शंभराव्या भागाहूनही कमी. ते आरशानं वेगळं पाहायचं तर सतराएक मीटर व्यासाचा आरसा लागेल. एवढा एकसंध आरसा अजून जगात कुठे नाही.

शिवाय वर हवा आहे. तापलेल्या स्लॅबवरून संध्याकाळी उठणारी उष्ण हवा, तिच्यावरचे थंड-गरम थर, या सगळ्यांतून येताना ताऱ्याची प्रतिमा एक-दोन विकला पसरते. दहा सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीची मर्यादा १.४ विकला, म्हणजे हवा जेवढं देते तेवढं ती घेऊन मोकळी होते. पुण्यातल्या आयुका या खगोलसंस्थेची जुन्नरच्या बाजूला गिरवलीला डोंगरावर २ मीटर आरशाची दुर्बीण आहे. कागदावर तिची मर्यादा विकलेचे सात शतांश, पण विकलेच्या आसपास हवा तिलाही अडवते. मोठा आरसा तिथे मंद ताऱ्यांचा प्रकाश गोळा करायला लागतो, आणि तेही काम छोटं नाही. बारकाव्यासाठी हबलसारखी दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागली ती यासाठीच.

मग वसिष्ठाचं ते जोडपं कळलं कसं? १८८९ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या एडवर्ड पिकरिंग यांनी वर्णपटावरून ते जाहीर केलं. वसिष्ठाच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा काही दिवस एकेरी दिसत, काही दिवस दुहेरी. एक तारा आपल्याकडे येत असतो तेव्हा दुसरा दूर जात असतो, त्यामुळे एकाच्या रेषा निळ्याकडे सरकतात, दुसऱ्याच्या तांबड्याकडे. साडेवीस दिवसांची त्यांची फेरी. दुर्बिणीला न फुटलेली जोडी वर्णपटदर्शकानं फोडली. हेच ते विभेदन, फक्त दोन दिशांऐवजी दोन रंग वेगळे करायचे.

पुण्यात त्याच सुमारास नेमकं असंच काम चाललं होतं, आणि ही हकिगत इथल्या लोकांना जितकी ठाऊक असायला हवी तितकी नाही. आजच्या सीओईपीच्या, तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. भावनगरच्या महाराजांची पाच हजार रुपयांची देणगी आणि मुंबई सरकारची तेवढीच भर, ही तिची सुरुवात. तिथली ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण ही त्या काळची देशातली सर्वांत मोठी.

त्या वेळी युरोपात एक वाद पेटला होता. मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. नॉर्मन लॉकयर यांचं म्हणणं, तेजोमेघ हे उल्कांचे थवे असतात आणि ही रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियममुळे दिसणाऱ्या पट्ट्याचा काठ. विल्यम हगिन्स यांना ते मान्य नव्हतं. दोन्हींच्या तरंगलांबीतला फरक नॅनोमीटरच्या दहाव्या भागाच्याही आतला. कमी ताकदीच्या वर्णपटदर्शकात दोन्ही एकाच जागी दिसणार, म्हणजे वाद मिटणं शक्यच नव्हतं. पण पट्टा असेल तर उपकरणाची ताकद वाढवत नेल्यावर त्याची एक बाजू विरळ होत पसरलेली दिसायला हवी. रेषा असेल तर ती रेषाच राहायला हवी. अमेरिकेत लिक वेधशाळेत कीलर यांनी तिची जागा काटेकोर मोजली. पुण्यात नायगमवाला यांनी ती पाहिली आणि १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं, की ती कुठल्याही स्थितीत धारदार रेषाच राहते. लॉकयर यांचा मॅग्नेशियमचा पट्टा बाद झाला. रेषा कशाची हे कळायला मात्र १९२७ उजाडलं: दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, हे आयरा बोवेन यांनी दाखवलं.

नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या जिवावर चाललेली संस्था त्याच्याबरोबर संपली. आपल्याकडे हे नवीन नाही.

वर्णपटाचं विभेदन घरच्या घरी नाही, पण बीएस्सीच्या प्रयोगशाळेत कुणालाही पाहता येतं. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश म्हणजे ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषा. इंचाला १५,००० रेघांच्या जाळीतून पाहिलं की त्या वेगळ्या दिसतात. त्या वेगळ्या व्हायला पहिल्या क्रमात जाळीच्या साधारण एक हजार रेघा वापरात याव्या लागतात. जाळीसमोरची फट अरुंद करत पावणेदोन मिलिमीटरच्या खाली नेली, की वापरातल्या रेघा हजाराच्या आत येतात आणि दोन पिवळ्या रेषांची एक होते. जाळी तीच, डोळा तोच. फक्त रुंदी काढून घेतली. परीक्षेच्या वहीत हा प्रयोग आकडे भरण्यापुरता उरतो, पण फट सावकाश बंद करत ती जोडी मिटताना पाहण्यासारखी असते.

रुंदी हेच सगळं असेल तर एक युक्ती सुचते. पूर्ण आरसा कशाला हवा? गवंड्याची नळी मधे भरीव थोडीच असते. काम दोन टोकं करतात. अल्बर्ट मायकेलसन आणि फ्रान्सिस पीज यांनी डिसेंबर १९२० मध्ये अमेरिकेत माउंट विल्सनच्या अडीच मीटर दुर्बिणीच्या तोंडावर सहा मीटर लांबीचा लोखंडी तुळईचा सांगाडा बसवला. त्याच्या टोकांना छोटे आरसे लावून दोन्हींकडचा प्रकाश एकत्र केला. त्यातून आर्द्रा या लालसर ताऱ्याचा व्यास मोजला गेला: विकलेचे फक्त ४७ सहस्रांश. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचा व्यास माणसानं मोजण्याची ही पहिलीच वेळ. वसिष्ठाचं ते चिकट जोडपंही १९९० च्या दशकात अ‍ॅरिझोनातल्या अशाच व्यतिकरणमापकानं शेवटी वेगळं करून दाखवलं.

ही युक्ती महाराष्ट्रात रुजली ती रेडिओ लहरींसाठी, आणि तिथे तिच्यावाचून गत्यंतरच नव्हतं. रेडिओ लहरींची तरंगलांबी सेंटिमीटर आणि मीटरमध्ये मोजतात. २१ सेंटिमीटरच्या लहरींसाठी ४५ मीटर व्यासाची तबकडी उभारली, तरी तिची मर्यादा २० कला. म्हणजे तिला आकाशातला पूर्णचंद्राच्या दोन-तृतीयांश एवढा भाग एकच ठिपका वाटतो. ती नुसत्या डोळ्याच्या वीसपट आंधळी. तबकडी मोठी करत जाण्यालाही अंत आहे.

गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी ऑस्ट्रेलियातल्या पॉट्स हिलवरच्या वापरून झालेल्या ३२ छोट्या तबकड्या भारतात आणवल्या. प्रत्येकीचा व्यास जेमतेम १.८ मीटर. १९६५ मध्ये त्या कल्याणला ओळीनं मांडून सूर्याचे वेध घेतले गेले. त्यानंतर १९७० मध्ये उटीला ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभी राहिली. तिथे रुंदी कमी पडत होती, म्हणून त्यांनी चंद्र कामाला लावला. चंद्राची कड एखाद्या रेडिओ स्रोतावरून सरकते तेव्हा तो एकदम विझतो की हळूहळू, यावरून त्याचा आकार काही विकलांपर्यंत कळतो. चंद्राची कड हीच सुरी. या पद्धतीनं शेकडो स्रोत मोजले गेले. दूरचे, मंद स्रोत आकारानं लहान निघाले. विश्व काळाबरोबर बदलत आलं आहे या बाजूनं हा पुरावा होता, आणि विश्व कायम सारखंच असतं असं मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांताच्या विरोधात. त्या सिद्धांताचे एक मोठे पुरस्कर्ते जयंत नारळीकर. पुढे नारळीकरांची आयुका आणि स्वरूप यांचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात एकमेकांच्या शेजारी उभी राहिली. वैज्ञानिक मतभेद आणि शेजारधर्म दोन्ही व्यवस्थित पाळले गेले.

खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण म्हणजे स्वरूप यांची सर्वांत मोठी करामत. पुण्याच्या उत्तरेला ऐंशीएक किलोमीटरवर, नारायणगावजवळ. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात, बाकीच्या १६ इंग्रजी ‘वाय’ आकाराच्या तीन हातांवर पसरलेल्या. दोन टोकांतलं सर्वाधिक अंतर सुमारे २५ किलोमीटर. मधे शेतं, रस्ते, गावं. जमिनीखालच्या प्रकाशतंतूंनी सगळ्यांचे संकेत एका ठिकाणी येतात आणि दोन-दोनांच्या जोड्या लावून गणित होतं. ३० तबकड्यांच्या जोड्या ४३५. पृथ्वी फिरते तसा स्रोताच्या दृष्टीनं प्रत्येक जोडीचा तिरपेपणा बदलतो, त्यामुळे काही तासांत त्या जोड्या २५ किलोमीटरच्या आरशाचे बरेच ‘तुकडे’ झाकून काढतात. ही पद्धत बसवणारे केंब्रिजचे मार्टिन राइल यांना १९७४ चं नोबेल मिळालं.

तबकड्यांना पत्रा नाही, स्टीलच्या तारांची जाळी आहे. भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. लाटच २१ सेंटिमीटरची किंवा त्याहून मोठी असेल तर तिला ती भोकं दिसतच नाहीत. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्च आटोक्यात राहिला.

आणि एवढं करून मिळालं काय? २१ सेंटिमीटरवर दोन विकलांच्या आसपास विभेदन. दोन मीटरच्या लाटेवर वीसेक विकला. हे आकडे पाहून नवखा माणूस हिरमुसतो, कारण दोन विकला तर सात-आठ सेंटिमीटरचं भिंग देतं. खोडदचे २५ किलोमीटर आणि हौशी माणसाच्या हातातली छोटी दुर्बीण बारकाव्याच्या बाबतीत बरोबरीत! पण रेडिओची लाट दृश्य प्रकाशाच्या जवळजवळ चार लाख पट लांब आहे. तुलना तिच्याशी करायची. आणि हायड्रोजनचे थंड ढग, आकाशगंगांतून फेकले गेलेले कणांचे झोत, हे दृश्य प्रकाशात दिसतच नाहीत. आणखी एक हिशेब लक्षात ठेवायचा: २५ किलोमीटर ही पसरण्याची रुंदी, प्रकाश गोळा करणारं क्षेत्र नव्हे. ते तीस तबकड्यांचं मिळून एका चौरस किलोमीटरच्या विसाव्या भागाच्याही किंचित आतच. बारकावा अंतरातून येतो, उजेड क्षेत्रफळातून. एकाच्या जोरावर दुसरं मिळत नाही. २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं चित्र काढताना दुर्बिणींमधली आधाररेखा अख्ख्या पृथ्वीएवढी पसरली आणि १.३ मिलिमीटरच्या लाटेवर विकलेच्या दोन लक्षांशांच्या आसपासचे कोन हाती आले. गुणोत्तर तेच.

सूक्ष्मदर्शकात रुंदी वाढवायला जागाच नसते. वस्तूपासून भिंगापर्यंत प्रकाशाचा शंकू जितका उघडा, तितकं विभेदन. तो शंकू पूर्ण सपाट झाला की खेळ संपला. जर्मनीत येनाच्या एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये ही मर्यादा मांडली: तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास. शंकू आणखी थोडा उघडायला काचपट्टी आणि भिंग यांच्यात तेलाचा थेंब टाकतात. बिबवेवाडीतल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये मलेरियाची किंवा क्षयाची काचपट्टी पाहताना तंत्रज्ञ हेच करतो. तेलाचा अपवर्तनांक काचेइतका, त्यामुळे तिरपे किरण हवेत निसटत नाहीत. तेलानं मर्यादा २२० नॅनोमीटरपर्यंत येते. क्षयाचा जंतू दोन ते चार मायक्रोमीटर लांब, पण जाडी त्या मर्यादेच्या शेजारचीच. म्हणून तो बारीक लाल काडीसारखा दिसतो, काडीच्या आतलं काही दिसत नाही. प्रत्येक रेणू आलटूनपालटून चमकवण्यासारख्या युक्त्यांनी या मर्यादेला वळसा घालता येतो. त्यासाठी २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं.

विषाणूसाठी मात्र लाटच बदलावी लागते. १०० किलोव्होल्टच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी नॅनोमीटरच्या चार हजारांशांच्या आसपास. एर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स क्नोल यांनी १९३१ मध्ये बर्लिनमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बनवायला घेतला. इथे परिस्थिती उलटी आहे: लाट इतकी बारीक की निसर्गाची मर्यादा कितीतरी दूर राहते आणि चुंबकीय भिंगांचे दोष आधी आडवे येतात. नेहमीच्या यंत्रात ०.२ नॅनोमीटरच्या घरातच थांबावं लागतं.

पुण्यातल्या डॉ. आंबेडकर रस्त्यावरची राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे १९५२ चं व्हायरस रिसर्च सेंटर. केरळमधल्या देशातल्या पहिल्या कोविड रुग्णाच्या घशाच्या स्रावाचा नमुना तिथल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला आणि मार्च २०२० मध्ये चित्रं प्रसिद्ध झाली. हाती लागलेले कण फक्त सात, ७० ते ८० नॅनोमीटरचे, गोल, खडबडीत. काटे सरासरी १५ नॅनोमीटरचे. प्रकाशाच्या कुठल्याही सूक्ष्मदर्शकात सगळा कणच त्या मर्यादेच्या निम्म्याहून लहान, काट्यांची गोष्टच नको. पण ०.२ नॅनोमीटर क्षमतेच्या यंत्रातही या चित्रातला एक-दोन नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील भरवशाचा नसतो, कारण कण उठून दिसावा म्हणून त्याभोवती टंगस्टनसारख्या जड धातूच्या क्षाराचा थर दिलेला असतो आणि त्या थराचा दाणाच तेवढा जाड असतो. काट्याच्या प्रथिनाची घडण पाहायची तर रंग न देता नमुना झटकन गोठवावा लागतो आणि हजारो कणांच्या धूसर प्रतिमा एकमेकींवर ठेवून सरासरी काढावी लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये टेक्सासच्या गटानं याच काट्याची रचना ०.३५ नॅनोमीटरच्या बारकाईनं प्रसिद्ध केली, ती या पद्धतीनं.